जुन्या स्प्लेंडरचं इंजिन गळतंय आणि वाजतंय? खोलायच्या आधी एवढं करून बघा

पुण्यात जुनी शंभर सीसी गाडी गॅरेजसमोर लावून "ऑइल गळतंय आणि टकटक आवाज येतोय" म्हटलं, की बऱ्याच ठिकाणी उत्तर तयार असतं: "इंजिन खोलावं लागेल." कधी ते खरं असतं. पण गळती एखाद्या कडक झालेल्या रबरी रिंगमधून आणि आवाज टॅपेटचा (इंजिनातला व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूचा), असंही खूप वेळा निघतं. ही दोन्ही कामं इंजिन गाडीवरून न उतरवता सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतात. घाई मात्र नको. आधी शोधायचं आणि मगच पाना लावायचा. बहुतेकांचा हा क्रम उलटा असतो, आणि खर्च तिथेच वाढतो.

पुढचं सगळं हिरो होंडाच्या सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन या आडव्या इंजिनाच्या गाड्यांबद्दल आहे. माझ्याकडे वडिलांची २००३ सालची स्प्लेंडर आहे, ती अजून रोज चालते. दुसऱ्या कंपनीची फोर-स्ट्रोक गाडी असेल तर तत्त्व तेच, बोल्टच्या जागा वेगळ्या. टू-स्ट्रोक असेल तर टॅपेटचा भाग सोडून द्या, त्या इंजिनाला टॅपेट नसतातच.

१. कागद आणि सामान

कागद कशाला, असं वाटेल. पण गाडीला पंधरा वर्षं उलटली असतील तर आरसीची मुदत आधी बघा. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मुदत संपलेल्या गाडीच्या इंजिनावर पैसे घालण्याआधी तिचा कागदोपत्री निकाल लावलेला बरा. हे जवळ ठेवा:

- आरसी, चालू विमा, पीयूसी
- गाडीचं मॅन्युअल. टॅपेटचा गॅप आणि ऑइलचं माप यातूनच घ्यायचं. हरवलं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्या मॉडेलचे आकडे विचारून लिहून घ्या.
- क्रँककेसवरच्या (इंजिनाच्या मुख्य पेटीवरच्या) इंजिन नंबरचा स्वच्छ फोटो. घासताना तो नंबर खराब होता कामा नये.

हत्यारांची यादी मोठी नाही:

- ८, १०, १४ आणि १७ चे रिंग पाने, ८ आणि १४ ची गोटी (सॉकेट)
- फिलर गेज, म्हणजे बारीक गॅप मोजायच्या पात्यांचा संच. ०.०५ मिमीपासूनच्या पात्या असलेलाच घ्या. काही स्वस्त संचांत पातळ पाती नसतात.
- टॅपेटच्या चौकोनी स्क्रूसाठी छोटा टॅपेट पाना
- किटमधला प्लग पाना, एक लांब स्क्रूड्रायव्हर, एक रुंद तोंडाचा
- पसरट ट्रे, रॉकेल किंवा डिग्रीजर, जुना टूथब्रश, भरपूर सुती फडकी
- टाल्कम पावडर

पाने बोहरी आळीत चांगले मिळतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी स्वस्तात मिळतील, पण तिथे पान्याचं तोंड नीट बघून घ्या. तोंड पसरलेला पाना बोल्टचे कोपरे खातो, आणि गोल झालेला बोल्ट काढायला लागणारा वेळ तुमच्या सगळ्या बचतीपेक्षा महाग पडतो. ॲडजस्टेबल पाना तर इंजिनजवळ आणूच नका.

पार्किंगच्या फरशीवर जुना फ्लेक्स उलटा अंथरा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स पुण्यात कमी नाहीत. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

२. इंजिन धुवा, वाळवा, पावडर लावा

तेलकट इंजिनाकडे बघून गळती कुठून आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चालत्या गाडीत ऑइल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली सरकतं, म्हणून थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा सहसा एक नसते. मूळ नेहमी थेंबाच्या वर आणि पुढे शोधायचं.

इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल आणि ब्रशने घासा, पुसा, साध्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा कार्बोरेटरवर आणि प्लगच्या टोपीवर मारू नका. वाळलं की संशयाच्या सगळ्या जागांवर हलकी पावडर शिंपडा: वरची-खालची टॅपेटची झाकणं, डाव्या-उजव्या कव्हरचे सांधे, गिअर शाफ्ट, किक शाफ्ट, ब्लॉकखालचा (पिस्टन चालतो त्या भागाखालचा) सांधा, ड्रेन बोल्ट.

आता अर्धा तास गाडी चालवा. खडकवासल्यापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. नुसतं स्टँडवर चालू ठेवून भागत नाही. काही सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) गाडी तापली आणि गिअर पडले की मगच गळायला लागतात. आल्यावर टॉर्च मारून बघा. पांढऱ्या पावडरीवर ओलसर करडी रेघ दिसेल. तिचं सगळ्यात वरचं टोक जिथे आहे, ती तुमची गळती. लगेच फोटो काढा, कारण तासाभरात डाग पसरतो आणि टोक हरवतं.

३. ओल कुठे दिसली त्यावरून काय समजायचं

*टॅपेटच्या झाकणाभोवती:* आतली ओ-रिंग कडक झाली आहे. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. रिंग चहा-क्रीमरोलच्या पैशांत येते.

*ड्रेन बोल्टला:* वायसर चेपला आहे किंवा आटे गेले आहेत. पुण्यातल्या स्पीडब्रेकरांची उंची बघता बोल्टला मार बसून केसला चीर गेली असण्याचीही शक्यता असते. बोल्टभोवतीचा भाग नखाने चाचपून बघा.

*डावीकडे गिअरच्या दांड्यापाशी किंवा उजवीकडे किकपाशी:* त्या शाफ्टचं ऑइल सील. बाहेरून बदलता येतं.

*पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली:* इथे बरेच जण फसतात. चेनला मारलेलं ऑइल आणि धूळ मिळून तिथे काळा चिकट चिखल साचतो. तो बोटाला चिकटला आणि ताणला गेला तर चेनचं वंगण. पातळ, सरकन ओघळणारं असेल तर शाफ्टचं सील गेलंय.

*ब्लॉकच्या पंख्यांमध्ये (बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये), हेड (व्हॉल्व्ह असतात तो भाग) आणि ब्लॉकच्या सांध्यावर:* हेड किंवा बेस पॅकिंग. हे घरचं काम नाही.

*ब्रीदर पाइपमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून):* आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी बघा. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलं असेल तर ते इथून बाहेर पडतं. दुरुस्ती काहीच नाही, जास्तीचं काढून टाका.

आणि वास घ्या. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली आलं की इंजिनाच्या पोटावरची जुनी घाण धुऊन निघते आणि जमिनीवर काळसर डाग पडतो. "ऑइल गळतंय" म्हणून आलेल्या काही गाड्यांचं दुखणं एवढंच असतं.

ऑइल कमी होतंय पण कुठेच ओल नाही? मग ते जळतंय. कुणाला तरी मागून गाडी चालवत यायला सांगा. रेस दिल्यावर निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा संशय. सकाळी पहिल्या किकला थोडा निळा धूर आणि मग बंद, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हची सील. दोन्हींना हेड उतरवावं लागतं.

४. आवाज ऐकायला शिका

आधी इंजिनाबाहेरचे आवाज संपवा. लेगगार्डचे नट, सायलेन्सरची जाळी, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, चेन-कव्हर हे सगळं हाताने हलवून आवळून घ्या. गाडी चालू असताना क्लच दाबून बघा. आवाज बदलला तर तो क्लचच्या बाजूचा आहे, टॅपेटचा नाही.

सायलेन्सरचा बेंड जिथे हेडला बसतो तिथे काळी काजळी दिसते का बघा. तिथली पॅकिंग रिंग गेली की 'चुक-चुक' असा कोरडा आवाज येतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो. नवी रिंग टाकून दोन नट सारखे आवळले की संपलं. हे न बघता टॅपेट आवळत बसणारे मी चांगल्या गॅरेजातही पाहिलेत.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. सैल बाही, ओढणी, लोंबणारी बॅग दूर ठेवा. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं हे साधन आहे. जिथे टेकवाल तिथलाच आवाज मोठा येतो.

- हेडवर बारीक, एकसारखी टिक-टिक: टॅपेट.
- डाव्या बाजूला खर-खर, रेस सोडताना जास्त: टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी, इंजिनाच्या आतली चेन) किंवा तिला ताण देणारा टेन्शनर.
- ब्लॉकवर ठोकल्यासारखा आवाज, गाडी तापल्यावर कमी होणारा: पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालाय. लगेच काही मोडत नाही, पण काम जवळ आलंय.
- खालून, पोटातून जड ठक-ठक, चढावर किंवा डबलसीट वाढणारी: कनेक्टिंग रॉड (कॉन-रॉड), पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. गाडी बंद करा. कात्रजच्या घाटात "बघू अजून थोडं" करण्याची ही वेळ नाही.

५. टॅपेट सेट करणं

हे काम थंड इंजिनावर, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी करायचं. गरम इंजिनावर घेतलेलं माप निरुपयोगी आहे.

प्लगच्या खाचेतली धूळ फुंकून, पुसून मग प्लग काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. प्लग निघाला की इंजिन हाताने सहज फिरतं. डाव्या कव्हरवर दोन झाकणं आहेत, मधलं मोठं आणि वरचं छोटं. त्यांच्या खाचेत नीट बसणारं रुंद तोंडच वापरा. तोंड बारीक असेल तर खाच झडते आणि मग झाकण छिन्नीनेच निघतं.

मोठ्या झाकणातून १४ ची गोटी घालून मॅग्नेट (आतलं, वीज तयार करणारं चाक) घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा आणि छोट्या भोकातून बघा. चाकावर 'टी' आणि 'एफ' अशा दोन खुणा जवळजवळ आहेत. आपल्याला 'टी' हवी, ती पिस्टन पूर्ण वर आल्याची खूण. 'एफ' ही स्पार्कच्या टायमिंगची. 'टी'ची रेघ कव्हरवरच्या खाचेसमोर आणा.

आता वरचं आणि खालचं टॅपेटचं झाकण १७ च्या पान्याने काढा. खालच्यातून थोडं ऑइल येईल, फडकं धरा. दोन्ही रॉकर (टॅपेटचे स्क्रू बसलेले छोटे दांडे) बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळले पाहिजेत. एखादा घट्ट असेल तर पिस्टन वर आहे पण स्ट्रोक चुकीचा आहे. मॅग्नेटला पूर्ण एक फेरा द्या आणि पुन्हा 'टी' जुळवा. ही तपासणी गाळून गॅप सेट केला तर गाडी चालूच होत नाही, किंवा झाली तर आधीपेक्षा जास्त वाजते.

कार्बोरेटरच्या बाजूचा वरचा व्हॉल्व्ह इनटेकचा, सायलेन्सरकडचा खालचा एक्झॉस्टचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची पाती स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये घाला. बरोबर गॅपला पाती मागेपुढे सरकते, पण बोटांना हलका, तेलकट ओढा जाणवतो. सळकन निघून आली तर गॅप जास्त. ढकलताना वाकायला लागली तर कमी. हा ओढा एकदा हाताला कळला की पुन्हा विसरत नाही. गॅप चुकत असेल तर लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, टॅपेट पान्याने स्क्रू तसाच धरून नट आवळा. आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायचीच, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो आणि माप बदलतं.

आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून गॅप मापापेक्षा कमी करण्याचा मोह होतो. करू नका. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. माझं तर मत आहे की जुन्या स्प्लेंडरचे टॅपेट थोडे ऐकू आले पाहिजेत. अगदी मुका टॅपेट बघितला की मला धास्तीच वाटते.

झाकणांना नव्या ओ-रिंगा ऑइल लावून बसवा, हाताने आटे धरल्यावर मगच पाना लावा.

६. ऑइल, सील आणि पॅकिंग

टॅपेट झाले की प्लग लावून गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, कोमट ऑइल पूर्ण निथळतं. गाडी मेन स्टँडवर घ्या.

इंजिनाच्या पोटाखाली दोन बोल्ट जवळजवळ आहेत. १७ चा ड्रेन बोल्ट. १४ चा टायमिंग चेनच्या टेन्शनरचा. तो सोडलात तर स्प्रिंग आणि रॉड खाली येतात. चुकून सोडू नका. पण डावीकडची खर-खर ऐकू आली असेल, तर ऑइल काढल्यावर याच वाटेने रॉड काढून त्याचं रबरी डोकं झिजलंय का बघता येतं. निघताना काय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने आलं, त्याचा फोटो घ्या.

ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वायसर. केस ॲल्युमिनियमची आहे, बोल्ट पोलादी. पान्याला पाइप लावून जोर काढलात की आटे बोल्टचे नाही, केसचे जातात. मग लेथवाल्याकडे नवे आटे पाडून आणावे लागतात. आखूड पाना, मनगटाचा जोर, बस.

सील घ्यायला नाना पेठेत जाणार असाल तर जुनं सील खिशात घालून जा. त्याच्या कडेवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे आकडे असतात. कंपनीचं नाव २०११ मध्ये बदलून हिरो मोटोकॉर्प झालं. तेव्हा आज कुणी 'हिरो होंडा' छापलेलं कोरं पाकीट "ओरिजिनल" म्हणून पुढे केलं तर माल एकतर नकली आहे किंवा इतका जुना, की आतलं रबर पडून पडून कडक झालं असेल. पाकीट फोडून सील बोटाने दाबून बघा.

जुनं सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका. ओरखडा पडला की नवं सीलही गळतं. हुकासारख्या वाकड्या तारेने एका कडेने अलगद उचला. शाफ्टच्या दात्यांवर चितळ्यांच्या दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा, म्हणजे नव्या सीलचा ओठ फाटत नाही. ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत, आणि सीलच्या कडेच्या मापाची गोटी ठेवून सरळ, हळूहळू आत ठोका. तिरकं गेलं तर ते सील टाकून दुसरं घ्या.

कव्हरचं पॅकिंग बदलायचं असेल तर पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते; लांब बोल्ट आखूड जागी गेला की केस फुटू शकते. चिकटलेलं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने आणि थिनरने काढा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा.

सिलिकॉनची ट्यूब पिळून काम भागवणारे पुष्कळ आहेत. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दबून येतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत अडकतात. नवं कागदी पॅकिंग कोरडं किंवा ऑइलचा हात फिरवून बसवा. बाहेरून एम-सील लावणं ही तर दुरुस्ती नव्हेच.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, डब्यावर 'जासो एमए' (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं घ्या. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो. कारचं ऑइल घातलं तर तो घसरायला लागू शकतो. गळती थांबावी म्हणून जाड ऑइल भरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. डिपस्टिक बघताना या गाड्यांत ती आट्यांत फिरवायची नाही, नुसती टेकवायची. फिरवून माप घेतलं तर काडी जास्त खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा वर दिसते आणि इंजिन कमी ऑइलवर चालत राहतं.

७. पुन्हा पावडर

पुसून, नवी पावडर लावून तोच अर्धा तास चालवा. गरम-थंड झाल्यावर कव्हरचे बोल्ट एकदा तपासा, जोर न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून थेंब पडलाय का बघा आणि डिपस्टिक पुन्हा पाहा.

८. गॅरेजला जायचंच असेल तर

कॉन-रॉडची ठक-ठक, निळा धूर, हेड-ब्लॉकच्या सांध्यातली गळती, फुटलेली केस यांत गाडी जाणत्या माणसाकडे द्या. पण "आवाज येतोय, बघा" असं म्हणू नका. पावडरीवरचा फोटो दाखवा आणि टॅपेट केलेत, सायलेन्सरची रिंग नवी आहे, हे सांगा. बोलणं लगेच बदलतं.

"हाफ इंजिन" म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन-रिंगांचं काम; "फुल इंजिन" म्हणजे केस उघडून क्रँकपर्यंत. यातलं नेमकं कुठलं आणि का, ते विचारा. ब्लॉक बोअर (आतून कापून मोठा) करणार असतील तर मोजलेलं माप मागा. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी येतात, तेव्हा थेट मोठ्या साइझवर उडी का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. केस बदलायची भाषा निघाली तर थांबा. इंजिन नंबर केसवर असतो. तो बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला गाडी अडकते. बिलावर प्रत्येक पार्टचं नाव हवं, आणि जुने पार्ट परत मागून घ्या.

काढलेलं ऑइल गटारात किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ओतू नका, पार्किंगमधून वाहिलेलं शेवटी मुठेतच जातं. जुन्याच डब्यात भरून, झाकण लावून, ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचा ड्रम असतो तिथे द्या. ओली फडकी घरच्या कपड्यांबरोबर ढीग करून ठेवू नका, उघड्यावर वाळत घाला.